गळालेल्या पानावरचा शब्द

माझ्या मामेसासऱ्यांना या जगातली प्रत्येक गोष्ट पाठ आहे. त्यातली एखाददुसरी त्यांना समजलेलीही असावी असं आमच्यातली काही आशावादी मंडळी म्हणतात, पण पुरावा अजून कुणी आणून दिलेला नाही. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या गाळ्यात त्यांनी पस्तीस वर्षं इंग्रजीचा क्लास चालवला. क्लास म्हणजे काय, तर चाळीस पोरं, एक फळा, एक कण्हणारा पंखा आणि चाळीस गळ्यांतून एकदम निघणारा डिक्शनरीचा जप. “अबॅन्डन म्हणजे सोडून देणे, अबॅन्डन म्हणजे सोडून देणे,” अशी सुरुवात झाली की गल्लीतली कुत्री आपण होऊन पुढच्या गल्लीत बदली मागून घेत. गाळ्याचे मालक तिथले मूळचे गावकरी, एकेकाळी भातशेती केलेले. मागेच त्यांचं बैठं घर आणि कोंबड्यांचं खुराडं. ते एकदा क्लासच्या दारात उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “मास्तर, पोराचा काय ता माना म्हाईत नाय, पन आमचा कोंबरा आता इंग्लिशमदी आरवतं.” मामा लगेच खुराड्याकडे जाऊन त्या कोंबड्याचे उच्चार तपासून आले, असं मामी सांगतात. कोंबडा पास झाला होता.

या माणसाच्या डोक्यात काय काय भरलंय याची यादी करायला बसलो तर कल्याणच्या घाऊक बाजारातली सगळी गोदामं भाड्याने घ्यावी लागतील. सोसायटीतल्या बत्तीस बिऱ्हाडांचे वीजमीटरचे नंबर त्यांना पाठ आहेत. टूथपेस्टच्या ट्यूबवरचा मजकूर पाठ आहे, तोही तिन्ही भाषांत, आणि त्यांपैकी एक भाषा त्यांना वाचता येते पण समजत नाही. कल्याणला आमच्या एका लग्नात गुरुजी मंगलाष्टकात अडखळले, तर तिसऱ्या रांगेतून मामांनी पुढची ओळ पुरवली. मग गुरुजींनी सूत्रंच त्यांच्याकडे सोपवली आणि मामा थांबायलाच तयार होईनात. नवरामुलगा हार धरून धरून वाकला. शेवटी नवरीनेच मधल्या आंतरपाटावरून हात काढून हार घालून टाकला, म्हणून तो संसार सुरू झाला.

पण कळस म्हणजे ओटीपी. मामांना आजवर मोबाइलवर आलेले सगळे ओटीपी पाठ आहेत. मी स्वतः परीक्षा घेतलेली आहे. “गॅसचा, मागच्या दिवाळीतला?” म्हटलं की डोळे मिटून सहा आकडे सांगतात आणि वर “कोणासही सांगू नये” हेही बजावतात. मी एकदा समजुतीच्या सुरात म्हटलं, “मामा, तो आकडा दहा मिनिटांत मरतो हो.”

ते माझ्याकडे वळले. “जावईबापू,” म्हणाले, “मेलेल्याला विसरायचं असतं का?”

मी पुढ्यातले पोहे संपवले.

घोकंपट्टीचं त्यांचं स्वतःचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते, अर्थातच, पाठ आहे. “आपली भाषा बघा,” ते म्हणतात. “मुखोद्गत म्हणतो, कंठस्थ म्हणतो, तोंडपाठ म्हणतो. मुख, कंठ, तोंड. यात मेंदूचा कुठे संबंध आला? आपल्या पूर्वजांनी त्याला मुद्दामच बाहेर ठेवलंय. तो आला की शंका काढतो.” क्लासमध्ये शंका काढायला बंदीच होती. आणि कुणी काढलीच, तर एक अडचण यायची. मामांची स्मरणशक्ती गाडीसारखी नाही, मिरवणुकीसारखी आहे. मधूनच सुरू होत नाही. कुठल्याही शब्दाचा अर्थ हवा असेल तर त्या अक्षराच्या पहिल्या शब्दापासून निघावं लागतं. एकाने सकाळच्या बॅचला ‘सपर’चा अर्थ विचारला. एस हे इंग्रजीतलं सगळ्यात लेकुरवाळं अक्षर. त्या पोराला उत्तर मिळालं तेव्हा त्याच्या घरी खरोखरच रात्रीची पानं वाढली होती. म्हणून हुशार पोरं फक्त झेडवरचे शब्द विचारत. मामांच्या विद्यार्थ्यांना झेब्र्याबद्दल जेवढी माहिती आहे तेवढी आफ्रिकेतल्या सिंहांनाही नसेल.

ही सगळी विद्या ज्या डिक्शनरीतून आली ती मामांनी तरुणपणी कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडून आणली होती. पुठ्ठा नाही, कणा नाही, आणि आरमधलं एक पान गळालेलं. एका पानावर ‘रोझी’ म्हणजे गुलाबी हा शेवटचा शब्द, आणि पुढच्या पानावर एकदम ‘रब’ म्हणजे घासणे. मध्ये काही नाही. पान गळालंय हे दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं असतं, पण त्यासाठी पानांचे आकडे बघावे लागतात, आणि मामा आकडे बघत नसत, पाठ करत. त्यांनी ‘तीनशे ब्याण्णव, तीनशे पंच्याण्णव’ असंच पाठ करून टाकलं. त्यांच्या मते इंग्रजीत त्या भागात वस्तीच नव्हती. मी एकदा म्हटलं, “अहो मामा, पण राउंड? रफ? रूट? रॉयल? हे सगळे शब्द तिथलेच ना?” तर ते मनापासून हसले. “ते मराठी शब्द आहेत, जावईबापू! राउंड मारून येतो, रफ वही, सगळं आपलंच. इंग्रजांनी नेलं असेल तर माहीत नाही.” यामुळे डोंबिवलीच्या दोन पिढ्यांच्या इंग्रजीला नेमकं एकाच जागी भोक पडलं आहे. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज तीन खंडांत मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, आणि माझी खात्री आहे, भरल्या मीटिंगमध्ये त्यातला एखादा ‘रोझी’पर्यंत सुसाट येतो, गचका खातो आणि ‘रब’वर जाऊन पडतो.

तर अशा या माणसावर दीड वर्षापूर्वी संकट कोसळलं, ते त्याच भोकातून.

तोवर क्लास ओसरला होता. पोरं मोबाइलवर शिकायला लागली, मालकांनी गाळा मोमोवाल्याला दिला, आणि मामा वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरात, दिवाणखान्यात, एका विद्यार्थिनीवर आले. ही विद्यार्थिनी म्हणजे त्यांची नात, मुक्ता, वय सहा, पुढचे दोन दात सुट्टीवर. रोज संध्याकाळी अर्धा तास ती आबांकडे बसायची. चाळीस गळ्यांच्या जागी एक बोबडा गळा, पण मामा त्या अर्ध्या तासासाठी दुपारपासून दाढी करून तयार. मामी म्हणायच्या, “आमच्या लग्नात एवढे आवरून बसले नव्हते.” खरं सांगायचं तर दिवसातल्या बाकीच्या साडेतेवीस तासांचं काय करायचं हे त्यांना उमगत नव्हतं. ते पाठही नव्हतं.

आणि मग त्यांची सून शाळेतल्या पालकसभेला जाऊन आली. सून चांगली आहे, मुद्द्याची आहे. चप्पल काढता काढताच म्हणाली, “बाबा, रागावू नका हं. पण टीचरनी क्लियर सांगितलंय, मुक्ताला रोट लर्निंग अजिबात नको. त्याने मुलांचं थिंकिंग मरतं म्हणे. मग आपण तो संध्याकाळचा अर्धा तास जरा बंद करूया का?”

मामांना ‘रोट’ कळेना. कळणार कसं? शब्दच गळालेल्या पानावरचा. पस्तीस वर्षं शब्दांचे अर्थ सांगण्यात गेलेल्या माणसाने सुनेला अर्थ विचारायचा? त्यापेक्षा त्यांनी मान डोलावली, आणि अर्धा तास बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते ठाण्याला माझ्या दारात हजर. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, मामा न कळवता कधी आलेले नाहीत. ही घाबरून बाहेर आली. “मामा, सगळं ठीक ना?” तर म्हणाले, “ठीक. तू चहा टाक.” ती आत गेल्यावर माझ्याजवळ सरकले आणि हळूच विचारलं, “तुमच्या ठाण्यात सध्या रोट कितपत आहे?”

“काय कितपत आहे?”

“रोट लर्निंग. लहान मुलांत पसरतंय म्हणे. शाळेने कळवलंय. आमच्या मुक्तापासून मला लांब ठेवलंय, म्हणजे वयस्कर माणसांकडून लागत असणार. मी विचार केला, तुमच्याकडे मोठी हॉस्पिटलं आहेत. लस निघाली असेल तर मी घेतो टोचून. दोन्ही दंडांवर घेतो.”

मला हसू आलं, ते मी गिळलं, कारण त्यांनी शर्टाची बाही खरंच वर केली होती. मी जाड शब्दकोश काढला, पान उघडलं आणि वाचून दाखवलं. अर्थ न समजता, केवळ पुन्हा पुन्हा म्हणून यांत्रिकपणे पाठ करणे.

मामांनी बाही हळूहळू खाली घेतली. बटण लावलं. मग म्हणाले, “म्हणजे मी.”

यानंतर दुसरा कुणी असता तर खचला असता, पण मामा दुसरे कुणी नाहीत. त्यांनी कोशावर बोट ठेवलं. “आला कुठून हा शब्द? कुणाच्या घरचा आहे ते तरी बघू.” मी खाली बघितलं. कोशात लिहिलं होतं, उगम अनिश्चित. मामा उठून उभेच राहिले. “अनिश्चित? एवढं जाडजूड पुस्तक, आणि अनिश्चित? स्वतःच्या बापाचा पत्ता नसलेला शब्द माझ्या घरात शिरून माझ्या नातीला उठवून नेतो?”

मग मला ऑफिसला रजा टाकायला लावून त्यांनी ठाण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात नेलं. तिथे सगळ्यांत मोठे कोश कपाटातून काढले. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, कारण त्या कपाटाची किल्ली कुठे असते हे शोधायलाच त्यांना अर्धा तास लागला होता. एक कोश म्हणाला, हा जुन्या फ्रेंचातल्या वाटेसाठीच्या शब्दावरून आला असावा, पुन्हा पुन्हा तुडवलेली वाट. दुसरा म्हणाला, लॅटिनमधल्या चाकावरून, तेच ते फिरणारं. तिसरा म्हणाला, या दोन्हींना भक्कम पुरावा नाही, एवढंच ठाऊक आहे की फार पूर्वी त्याचा अर्थ नुसता सवय, रीत असा होता. चौथ्याने तर किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांच्या आवाजालाही याच स्पेलिंगचा शब्द आहे असं सांगितलं, आणि त्याचा याच्याशी संबंध जोडू नये असा दमही भरला. मामा चारही कोशांवर वाकून ओठ हलवत होते. मला कळायला हवं होतं. डोंबिवलीला शेअर रिक्षातून उतरेपर्यंत चारही नोंदी त्यांना खाणाखुणांसकट पाठ झाल्या होत्या. शेजारच्या सीटवरच्या मासळीच्या टोपलीवाल्या बाईंना तीन झाल्या होत्या.

घरी पोचलो तेव्हा सगळे चहाला बसले होते. मामा उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधले आणि सुनेकडे बघून सुरू झाले. वाट, चाक, सवय, लाटा, संक्षेपचिन्हं, स्वल्पविराम, सगळं. दम न घेता. संपल्यावर विजयी मुद्रेने बसले.

सून शांतपणे म्हणाली, “बाबा, हेच. हेच मी म्हणतेय. तुम्ही हे पण पाठ करून आलात! पण तुम्हाला काय वाटतं?”

“मला?” मामा दचकले. “मला वाटण्याचा काय संबंध? मी काय डिक्शनरी आहे?”

“आता इतकी वर्षं आम्हाला तसंच वाटत होतं,” मामी म्हणाल्या.

या गडबडीत मुक्ता टेबलाखालून बाहेर आली. आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून तिने विचारलं, “आबा, पण मग खरं कुठलं?”

मामांनी तोंड उघडलं. सवयीने ते आरच्या पहिल्या शब्दापाशी गेले असणार, तिथून निघाले असणार, रोझीपर्यंत आले असणार. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. सुनेने कप हातातच धरला होता. पुढे जे आलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं म्हणून सांगतोय, नाहीतर माझा माझ्यावर विश्वास बसला नसता.

“ठाऊक नाही,” मामा म्हणाले.

मामींच्या हातातली बशी सुटली. “पुन्हा म्हणा बघू,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षांत ऐकलं नाही.”

मुक्ताने मात्र डोळे मोठे केले. “तुम्हाला ठाऊक नाही?”

“नाही.”

“आईला?”

“तिलाही नाही.”

“टीचरना?”

मामांच्या मिशीत काहीतरी हललं. “टीचरना तर मुळीच नाही. जगात कुणालाच ठाऊक नाही.”

मोठ्या माणसांना माहीत नसलेली गोष्ट त्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा सापडली होती, आणि तिला ती सोडायची नव्हती. तिने स्वतःची छोटी खुर्ची फरफटत आणली आणि मामांच्या खुर्चीला चिकटवली. “मग आपण शोधूया,” म्हणाली. विचार करकरून तिने निकाल दिला की तो वाटेचाच शब्द असणार, कारण आबा पाठ करताना हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात आणि तिथल्या फरशा मध्येच पांढऱ्या पडल्या आहेत. मामा म्हणाले, “अगं, असं एका कोशात आहे.” ती म्हणाली, “मी कोश कुठे बघितला? मी तुम्हाला बघितलं.”

सुनेने कप खाली ठेवला. “बरं,” ती म्हणाली. “अर्धा तास. पण बाबा, पाठ काही करायचं नाही, करून घ्यायचं नाही. ती विचारेल त्यावर बोलायचं फक्त.”

मामांनी ही अट कशी पाळली ते मी जवळून पाहिलं आहे. तंबाखू सोडणाऱ्यांचे हाल मला ठाऊक आहेत, पण ते बरे. पहिल्या आठवड्यात अर्धा तास संपला की मामा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून एकदा तीसपर्यंतचे पाढे म्हणून येत. मुक्ताचे प्रश्न तर असे, की आमच्या पिढीने विचारले असते तर पाठीवर वळ उठले असते. दोनला दोन म्हणतो, मग पाढ्यात ‘बे’ का? माशांना तहान लागते का? खालच्या मोमोवाल्याला मोमोचा वास येतो, की तो रोजच तिथे असतो म्हणून येत नाही? मामा मला फोन करत. “जावईबापू, तुम्ही सायन्सचे ना? कोंबडा आरवताना डोळे का मिटतो?” मी म्हणे, “मी कॉमर्सचा आहे, मामा.” “मग तुम्हाला काय वाटतं ते सांगा,” ते म्हणत. आणि खरंच थांबत. वीस वर्षांत माझ्या सासरच्या कुणीही मला काय वाटतं हे विचारलेलं नव्हतं. मी गडबडून काहीतरी सांगून टाकायचो, आणि पलीकडून ते म्हणायचे, “हं. असू शकेल.” हे दोन शब्द त्यांच्या डिक्शनरीत कधी शिरले, देव जाणे.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. मुक्ता आता आठ वर्षांची आहे. तिचे दात आले, तिला पोहण्याचा क्लास लागला, स्केटिंग लागलं, मैत्रिणी लागल्या. अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली, विसाची दहा, आणि सध्या जाता येता जे होईल ते. त्याबद्दल मामांची तक्रार नाही. ते दुपारपासून दाढी करून बसलेले असतात एवढंच. आम्ही दोघं बोलत बसलो होतो, तेवढ्यात ती पोहून आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल, डोळे लाल. चपला भिरकावता भिरकावता म्हणाली, “आबा, पाण्याखाली रडलं तर रडू कुठे जातं?” आणि उत्तराला न थांबता आत पळाली. आतून आईचं “केस पूस आधी!” ऐकू आलं, मग टीव्ही.

“ठाऊक नाही गं,” मामा आतल्या दाराकडे बघत हळूच म्हणाले. मग ते डोळे मिटून ओठ हलवायला लागले. मी कान दिला. पाण्याखाली रडलं तर रडू कुठे जातं. पाण्याखाली रडलं तर रडू कुठे जातं. तिसऱ्यांदाही तेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

“मामा, अहो, सुनेला दिलेला शब्द?” मी म्हटलं. “आणि उत्तर नको का शोधायला?”

“शोधू की. सावकाश शोधू,” ते म्हणाले. “आधी प्रश्न तरी नीट पाठ होऊ दे. ती उद्यापर्यंत विसरणार आहे.”